आत्याच्या घरची बॅटरी

सोलर कमिटीचा अध्यक्ष होऊन पाउलिआसीला काय मिळणार होतं, ते आधी सांगते. पगार नव्हता. मिळणार होती ती गोदामाची किल्ली, राजधानीहून साहेब आले की जेवायला पहिल्या रांगेत जागा, आणि कागदावर सहीखाली छापलेलं स्वतःचं नाव. शिवाय मनात दडवलेली एक आशा होती. चर्चच्या वार्षिक दानाच्या दिवशी प्रत्येक घराण्याचं नाव आणि त्याने दिलेला आकडा मोठ्याने वाचून दाखवतात. त्या दिवशी आपलं नाव दोनदा ऐकू यावं, एकदा घराण्याबरोबर आणि एकदा कमिटीबरोबर, एवढंच त्याला हवं होतं. माणसं याहून कमी गोष्टींसाठी याहून मोठे उद्योग करतात.

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. जुन्या बॅटरीला हिशेब सांगायची खोड असते. आत किती आलं आणि बाहेर किती गेलं, याखेरीज आमच्या आयुष्यात दुसरं घडतं तरी काय?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. शिशाच्या जाड पट्ट्या, त्यांच्यामध्ये पातळ पडदे आणि वरून ओतलेलं आम्ल, एवढाच माझा संसार. शेजारच्या रांगेत मोटारीच्या बॅटऱ्या तयार व्हायच्या. त्या फार तोऱ्यात असत. एक झटका दिला की त्यांचं काम संपलं. आमचं काम सावकाशीचं. दिवसभर उन्हाचं साठवायचं आणि संध्याकाळी जपून द्यायचं. थोडक्यात, आम्हाला संसारी बाईच्या स्वभावाचं घडवलेलं असतं.

जहाजातून मी प्रशांत महासागरातल्या टोंगाला आले आणि तिथून हाआपाई बेटांकडच्या एका लहान बेटावर. तिथे प्रवाळाच्या कड्यामुळे मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही. मला होडीत उतरवलं आणि कमरेएवढ्या पाण्यातून दोन पुरुषांनी खांद्यावरून आणलं. त्यातला एक म्हणाला, “ही तर गाभण डुकरिणीपेक्षा जड आहे.” ही त्या बेटावरची मोठी स्तुती आहे, हे मला मागाहून कळलं.

राजधानीहून आलेल्या तंत्रज्ञाने सगळ्यांना चर्चच्या आवारात बसवून सांगितलं, “पॅनल परदेशी सरकारने फुकट दिलेत. ऊन फुकटच आहे. फुकट नाही ती ही बॅटरी. पाच-सहा वर्षांत ही मरणार, आणि तेव्हा नवी तुम्हाला घ्यायची आहे. म्हणून दर महिन्याला प्रत्येक घराने तेरा पाआंगा कमिटीकडे भरायचे.”

पाआंगा म्हणजे तिथला रुपया. लोकांनी मनातल्या मनात घासलेटाचा खर्च मांडला. तो याहून जास्त होता, वर काजळी आणि वास वेगळा. माना डोलल्या.

तंत्रज्ञाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. भिंतीवर एक लहान डबी बसेल. तिच्यात हिरवा दिवा असला तर खुशाल वापरा, पिवळा झाला तर आवरा, लाल झाला तर ती आपोआप सगळं बंद करील, तिला कोणी हात लावायचा नाही. दुसरं, प्रत्येक घराला शुद्ध पाण्याच्या बाटल्या मिळतील. ते पाणी बॅटरीने प्यायचं, माणसांनी नाही. बाटल्या इतक्या स्वच्छ होत्या की निम्म्या घरांत ते पाणी पाहुण्यांच्या सरबतात गेलं.

मी कालोलाइनेच्या घरी गेले. कालोलाइने ही पाउलिआसीची थोरली बहीण. नवरा वारलेला, मूल नाही, हातात केवड्याच्या पातींच्या चटया विणण्याची कला. त्या बेटांवर बहिणीचा मान भावाच्या वर असतो. भाऊ कितीही मोठा असो, तो बहिणीच्या घरात पाऊल ठेवत नाही. बोलायचं असेल तर अंगणात उभा राहून, मान खाली घालून बोलतो. चुलत, मावस, आते, सगळे भाऊ त्यात आले. म्हणून मला आत नेऊन बसवलं ते परक्या तंत्रज्ञाने. अध्यक्षमहाशय नीरफणसाच्या झाडाखाली उभे राहून “जपून, जपून” म्हणत होते.

पहिल्याच शनिवारी संध्याकाळी कालोलाइने शिडी लावून छपरावर चढली आणि पॅनलवर जुनी चटई पसरून, कडांवर दगड ठेवून खाली उतरली.

शेजारची टोकिलूपे कुंपणाशी उभी होती. तिला सगळ्यांच्या घरातलं दिसायचं, स्वतःचं सोडून.

“काय गं, पॅनलला थंडी वाजते का?”

“उद्या रविवार. माझ्या घरात रविवारी कोणी काम करणार नाही.”

“मग कोंबडीलाही सांगून ठेव. अंडं म्हणावं सोमवारी घाल.”

कालोलाइने शिडी उचलून मागे ठेवायला गेली. रविवारी तिथे कोणी मासे धरत नाही, कपडे धूत नाही, प्रवासाला निघत नाही. प्रार्थना, जेवण आणि झोप. तिच्या मते हा नियम छपरालाही लागू होता. शनिवारी रात्री लोक तिच्याकडे विणायला बसायचे, मी रिकामी व्हायचे, आणि रविवारी उपाशी राहायचे. सोमवारी संध्याकाळी डबीत पिवळा दिवा लागायचा. असे काही आठवडे गेल्यावर ती पाद्रीसाहेबांकडे गेली.

पाद्रीसाहेब जेवून ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, “सूर्य कोणी लावला?”

“देवाने.”

“रविवारी तो विझवतो का?”

“नाही.”

“मग तू कोण झाकणार? त्याचं काम त्याला करू दे. तू तुझा दिवा लावू नकोस, म्हणजे झालं.”

स्वतः पाद्रीसाहेबांच्या घरी रविवारी पंखा फिरायचा, पण तो त्यांच्या आणि देवाच्या मधला मामला होता. कालोलाइनेने चटई काढली. त्या दिवसापासून शनिवारी रात्री झोपताना ती दिवे बंद करी, ते सोमवारी पहाटेपर्यंत.

मित्रांनो, तेव्हापासून रविवार म्हणजे माझी मेजवानी झाली. दिवसभर येतंय, येतंय, आणि बाहेर काहीच जात नाही. आमच्यासारख्या बॅटरीला सतत अर्धपोटी ठेवलं तर पट्ट्यांवर पांढरी खरपुडी धरते आणि पुढच्या वेळी पोटात कमी मावतं. अधूनमधून गळ्यापर्यंत भरलं की ती खरपुडी विरघळते. हे त्या बाईला ठाऊक नव्हतं. तिला फक्त रविवार ठाऊक होता. मला तेवढं पुरलं.

बाकीच्या घरांतल्या माझ्या बहिणींचं नशीब निराळं. कुणाच्या घरी टीव्ही आला, कुणाच्या घरी रग्बीचा सामना बघायला अख्खी वाडी जमली. लाल दिवा लागून डबीने सगळं बंद केलं की लोक अध्यक्षाला बोलावणं धाडत. पाउलिआसी वाईट माणूस नव्हता. त्याला नाही म्हणता येत नव्हतं, एवढाच त्याचा दोष. तो जाऊन डबीला वळसा घालून तार सरळ बॅटरीला जोडून द्यायचा. लोक वाहवा करायचे. घरोघरी त्याने हे उपकार केले. फक्त एका घराच्या उंबऱ्याच्या आत त्याला जाता येत नव्हतं, आणि मी त्या उंबऱ्याच्या आत होते.

चौथ्या वर्षी पलीकडच्या बेटाने चर्चच्या दानात आमच्या बेटाला मागे टाकलं. ही गोष्ट पुरुषांना झोंबली. पुढच्या वर्षी दानाचा दिवस जवळ आला, घराघरांतून गोळा केलेलं पुरेना, आणि मांडवात कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं सुस्तावणारं पेय, प्यायला बसलेल्या मंडळींना आठवलं की कमिटीकडे बॅटऱ्यांचा फंड पडून आहे. पडूनच आहे. बॅटऱ्या तर चालताहेत.

“देवाला दिलं तर देव बॅटऱ्यांचं बघणार नाही का?” कुणीतरी म्हणालं. पाउलिआसीला तिथेही नाही म्हणता आलं नाही, आणि फंड दानात गेला.

दानाच्या दिवशी आकडा वाचला गेला. टाळ्या झाल्या, म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले, पलीकडच्या बेटाचे पाहुणे घसा खाकरू लागले. पाउलिआसीचं नाव दोनदा वाचलं गेलं.

नंतरच्या सहा महिन्यांत माझ्या बहिणी एकेक करून मेल्या. आधी टीव्हीवाल्या घराची, मग रग्बीवाल्या घराची, मग पाद्रीसाहेबांची. दिवाळखोर माणसासारखं त्यांचं झालं होतं. सकाळी आलेलं दुपारपर्यंत टिकत नव्हतं. डिसेंबर उजाडला तेव्हा साऱ्या बेटावर संध्याकाळी एकच पांढरा दिवा उरला, तो कालोलाइनेच्या खिडकीत.

हा महिना नेमका अडचणीचा होता. बेटावरच्या बायकांनी ऑकलंडच्या टोंगन बायकांच्या मंडळाला मोठ्या चटया देण्याचं कबूल केलं होतं. नाताळच्या आधीच्या बोटीने चटया जायच्या आणि त्यांचे पैसे यायचे. बोट चुकली तर मंडळ दुसऱ्या बेटाकडून घेणार, हे त्यांनी फोनवर गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. केवड्याची पात उन्हात कडक होऊन तुटते. ती विणायची संध्याकाळी किंवा पहाटे, हवा ओलसर असताना. म्हणजे उजेड असेल तर.

तेव्हा एक दिवस पाउलिआसी अंगणात येऊन उभा राहिला.

“आक्का, कमिटीचा ठराव झालाय.”

“कोण कोण होतं?”

“सगळे.”

“बायका?”

“बायका चहा करत होत्या.”

“बरं. ठराव काय?”

“बेटावर चालू बॅटरी एकच राहिली. ती कावाच्या मांडवात ठेवायची. म्हणजे उजेड सगळ्यांना.”

“आणि फंड कुठे आहे?”

पाउलिआसीने वाळूत अंगठा फिरवला. “देवाकडे.”

“मग देवाच्या घरी दिवे लागले असतील.” कालोलाइने विणता विणता म्हणाली. “बॅटरी हवी ना? दार उघडं आहे. आत ये आणि घेऊन जा.”

तो उभाच राहिला. आत येणं शक्य नव्हतं. कमिटीतला प्रत्येक पुरुष तिचा सख्खा, चुलत नाहीतर मावसभाऊ होता. माझा जीव पट्ट्यांमध्ये गोळा झाला होता. मांडवात पुरुष उजाडेपर्यंत गात बसतात. तिथे मी आठवडाभरही टिकले नसते.

“एखाद्या पोराला पाठवतो,” तो म्हणाला.

“पाठव.”

भाच्यांना आत यायला मनाई नव्हती. पण तिथे आत्याचा मान राणीसारखा. तिच्या शब्दाने भाच्याचं लग्न अडतं, तिच्यापुढे सगळ्यांत चांगली चटई आणि सगळ्यांत मोठं डुक्कर ठेवतात. दुसऱ्या दिवशी एक दांडगा भाचा उंबऱ्याशी आला.

“आत्या, काकांनी...”

“काय रे?”

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

“काही नाही. नारळ हवेत का, विचारायला आलो.”

“चार आण. सोलून.”

ठराव तिथेच संपला.

त्या संध्याकाळपासून बायका आपापल्या अर्ध्या चटया गुंडाळून आमच्या घरी येऊ लागल्या. कालोलाइनेने नियम घातले. दिवा एकच. रेडिओ नाही. फोन चार्जिंगला लावायचे नाहीत. डबीत पिवळा दिवा लागला की सगळ्यांनी उठायचं, मग पात हातात अर्धी असली तरी.

“श्वास घेतला तर चालेल ना?” टोकिलूपे म्हणाली.

“घे. बोलताना थोडा कमी घे.”

बायका हसल्या आणि कामाला लागल्या. दिव्याखाली जागा कमी, म्हणून ज्यांची नक्षीची कड राहिली होती त्या मध्ये, बाकीच्या कडेला. मला तो काळ आठवतो तो बोटांच्या सरसर आवाजाने. पण खरं सांगते, मी थकले होते. सहावं वर्ष चालू होतं. त्यात आठवडाभर आभाळ भरून आलं. पिवळा दिवा रोज आधी लागू लागला. बायका कुरकुर न करता उठायच्या; प्रत्येकीच्या घरी एक मेलेली बॅटरी होती आणि ती कशाने मेली हे आता त्यांना कळलं होतं.

बोट सोमवारी सकाळी येणार, असा निरोप आला. शनिवारी संध्याकाळी तीन चटयांच्या कडा बाकी होत्या आणि दिवा लावल्या लावल्या मी पिवळी झाले. बायका उठल्या नाहीत. बघता बघता डबीत लाल दिवा लागला आणि घर काळोखात गेलं.

मग टोकिलूपेचा आवाज आला. या वेळी त्यात थट्टा नव्हती.

“कालोलाइने, उद्या ऊन पडलं तर संध्याकाळपर्यंत ही भरेल. उद्या संध्याकाळी बसलो तर होईल. एकच रविवार. देवाला काय कळत नाही का, आपण कशासाठी बसतोय ते?”

“कळतं,” कालोलाइने म्हणाली. “म्हणूनच नाही बसायचं. सोमवारी पहाटे या.”

“आणि बोट आली तर?”

“आली तर आली.”

कुणीतरी असंही म्हणालं की डबीला वळसा घालून तार सरळ जोडू, थोडं तरी निघेल. ते माझ्यातून काढता येणारं शेवटचं असतं, मित्रांनो, आणि मी ते दिलंही असतं. त्यानंतर मात्र मी कुणाच्याच कामाची राहिले नसते. कालोलाइने उठून माझ्या खोक्यावर बसली. विषय मिटला.

रविवारी सकाळी आभाळ मोकळं झालं. इतकं लख्ख ऊन महिन्यात पडलं नव्हतं. चर्चमधून गाणी ऐकू येत होती, भूमिगत चुलीत नारळाच्या दुधातली अळूची पानं शिजत होती, आणि मी पीत होते. दुपारी पिवळी झाले, सूर्य कलता कलता हिरवी. संध्याकाळी बायका आपापल्या दारात बसून आमच्या अंधाऱ्या खिडकीकडे बघत राहिल्या. मला आलेलं सगळं माझ्यापाशी राहिलं.

सोमवारी कोंबडा आरवायच्या आत त्या आल्या. दिवा लागला तो असा लख्ख की एकीने डोळ्यांवर हात धरला.

फटफटलं तेव्हा प्रवाळाच्या कड्यापलीकडे बोट दिसली. एक चटई अजून बाकी होती.

आता पाउलिआसीचं सांगते. तो रात्रभर अंगणाबाहेर बसून होता, हे कुणाला ठाऊक नव्हतं. बोट दिसताच तो उठला, घरी गेला आणि त्याने आपलं सगळ्यांत मोठं डुक्कर मारलं. ते त्याने आपल्या अध्यक्षपदाच्या सहाव्या वर्षाच्या जेवणासाठी वाढवलं होतं. मग होडीने जाऊन तो बोटीच्या कप्तानाला घेऊन आला.

“कप्तान, एक वाटी कावा घेऊन जा.”

“भरती उतरेल.”

“एक वाटी. डुक्कर निखाऱ्यावर आहे.”

टोंगात कुठलाही कप्तान, समोर डुक्कर भाजलं जात असताना कावाच्या बैठकीतून मध्येच उठत नाही. तो यजमानाचा अपमान समजतात. एक वाटी झाली, दुसरी झाली, पाउलिआसीने भाषण केलं, कप्तानाने उत्तराचं भाषण केलं. माणसांना बसवून ठेवण्यात पाउलिआसीचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि सहा वर्षांत प्रथमच ती कला बेटाच्या उपयोगी पडली.

शेवटची चटई कड मुडपून खाली ठेवली तेव्हा उन्हं दारात आली होती. कालोलाइनेने दिवा बंद केला. भाच्यांनी चटया डोक्यावर घेऊन पाण्यातून होडीपर्यंत नेल्या, एकही भिजली नाही. बोट कडा ओलांडून गेली आणि घरातल्या सगळ्या बायका जिथे होत्या तिथेच आडव्या झाल्या. टोकिलूपे घोरू लागली. इतकी वर्षं मी त्या घरात होते, पण इतकं हलकं तिथे कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या बोटीने पैसे आले. बायकांनी ते कमिटीकडे दिले नाहीत. त्यांनी आपलीच कमिटी केली, राजधानीत फोन केला, आणि फेब्रुवारीत प्रत्येक घरासाठी नवी बॅटरी उतरली. कालोलाइनेच्या घरीसुद्धा. तंत्रज्ञाने मला तपासलं आणि म्हणाला, “ही अजून जिवंत कशी?” त्याने माझ्या तारा सोडल्या. सहा वर्षांत प्रथमच मला कुणाला काही द्यायचं नव्हतं. तुम्हाला वाटेल मी हळहळले. छे. डोक्यावरचा हंडा उतरवल्यावर मान कशी होते, तशी मी झाले.

आता मी गोदामात माझ्या मेलेल्या बहिणींशेजारी बोटीची वाट बघते आहे. आम्हाला वितळवतील आणि त्याच शिशाच्या नव्या पट्ट्या करतील. आमच्या शिशाची किंमत नव्या बॅटऱ्यांच्या किमतीतून वजा झाली आहे, म्हणजे मेल्यावरही मी हिशेबात आहे.

मित्रांनो, तुमच्या छपरावर पॅनल बसले की लोक तुम्हाला सांगतील, आता वीज फुकट. तेव्हा खाली, दारामागे, खोक्यात कोण बसलंय ते एकदा बघा. तिला पाणी द्या, लाल दिव्याचं ऐका, ती मरायच्या आधी तिच्या जागी येणारीचे पैसे बाजूला ठेवा आणि त्यांना हात लावू नका. आणि आठवड्यातून एक दिवस तिच्याकडून काही मागू नका. त्याचं कारण काहीही सांगा, तिला चालतं.

आता कुणी किती भरलं, ते सांगून संपवते. पॅनलचे पैसे परदेशी सरकारने भरले. पहिल्या फंडाचे सगळ्या घरांनी भरले आणि ते देवाला पोहोचले, पाउलिआसीला त्यातून दोनदा वाचलेलं नाव मिळालं. बोट थांबवल्याचं त्याने एका डुकराने फेडलं, आणि किल्ली आपण होऊन बहिणीच्या अंगणात ठेवून गेला. नव्या बॅटऱ्यांचे बायकांच्या चटयांनी भरले. त्यात सगळ्यांत मोठ्या दोन चटया कालोलाइनेच्या होत्या, आणि तेरा पाआंगा तिने एकाही महिन्याला चुकवले नव्हते. टोकिलूपेने हे तिला बोटांवर मोजून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, “भरून झालं ना? मग झालं.” बेटावर ज्या एका घरची बॅटरी मेली नव्हती, त्या घराने सगळ्यांत जास्त भरलं.